आमोसच्या ‘बोलेस’चा माग

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या अभ्यासगटात बायबलच्या जुन्या करारातल्या आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सातवा अध्याय माझ्याकडे आला. बेथेलचा याजक अमस्या आमोसला सुनावतो, यहूदात चालता हो, तिथेच भाकर खा नि तिथेच संदेश दे. त्यावर आमोस म्हणतो, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही; मी गुरं राखणारा आणि, मूळ हिब्रूत, ‘बोलेस शिक्मिम’. यातलं ‘शिक्मिम’ सोपं आहे. शिक्मा म्हणजे आपल्या उंबराचा भाऊबंद, फळं तशीच थेट जाड फांद्यांना लगडणारी. घोडं अडलं ते ‘बोलेस’पाशी. हा माणूस त्या झाडांचं नेमकं करायचा तरी काय?

शब्दसूची उघडली. ब-ल-स या धातूखाली एकच नोंद, आमोस 7:14. अख्ख्या जुन्या करारात हा शब्द पुन्हा नाही. उंबराचं फूलच म्हणायचं. एरवी हिब्रू शब्द अडला की तो जिथे जिथे आलाय ती वचनं शेजारी मांडायची, अर्थ आपोआप निथळून येतो. इथे शेजारी मांडायला काहीच नाही.

मग 1906 सालचा ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांचा कोश. त्यात अरबी नि इथिओपियन भाषेतला ‘बलस’ दिलाय, अर्थ अंजीर. म्हणजे क्रियापद फळाच्या नावावरूनच पडलं असावं, अंजिरांचं काहीतरी करणं. पण ते ‘काहीतरी’ म्हणजे तोडणं की राखणं, हे कोशही ठाम सांगत नाही.

जुन्या भाषांतरांत तर तीन तऱ्हा. अरामी तार्गुमने प्रश्नच टाळलाय, त्यात आमोस म्हणतो की सखल प्रदेशात माझी शिक्म्याची झाडं आहेत. लॅटिनमध्ये जेरोमने फळं खुडणारा केलाय. आणि ग्रीक सेप्टुअजिंटमध्ये आहे ‘क्निझोन’, ओरखडे काढणारा, चिरा पाडणारा. हे वाचून मी थबकलो. खुडणारा, राखणारा हे कुणीही अंदाजाने लिहील. चिरा पाडणारा असं उगाच कोण लिहिणार?

इथून पुढे कोश मिटून झाडाकडे वळलो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मजा तिथेच आली. इ.स.पू. चौथ्या शतकातला ग्रीक वनस्पतिअभ्यासक थिओफ्रास्टस या झाडाबद्दल लिहून गेलाय. इजिप्तमधल्या या झाडाचं फळ लोखंडी नख्यांनी खरवडल्याशिवाय पिकत नाही, आणि खरवडलं की चार दिवसांत पिकतं. कारण विसाव्या शतकात नीट उलगडलं. शिक्म्याच्या फुलांचं परागण करणारी चिमुकली गांधीलमाशी पूर्व आफ्रिकेत आहे, इजिप्त-इस्राएलमध्ये नाही. तिथे दुसरी एक माशी फळात शिरते, अंडी घालते, पण परागण करत नाही. उंबर फोडून आत किडे पाहिलेत त्यांना चित्र लगेच दिसेल. कोवळ्या फळाला वेळेवर चीर दिली की जखमेतून इथिलीन वायू सुटतो, फळ झपाट्याने फुगतं, गोड होतं, आतले किडे वाढण्याआधीच खाण्याजोगं होतं. याकोव गलील या इस्राएली वनस्पतिशास्त्रज्ञाने 1968 मध्ये यावर लेख लिहिला, आणि तेव्हाही इजिप्त आणि सायप्रसमध्ये लोक फळांना हाताने चिरा देतच होते. इजिप्तच्या प्राचीन थडग्यांत चिरलेली फळं सापडली आहेत.

एवढं झाल्यावर माझा कल ग्रीक अर्थाकडे झुकला. पण एक शंका राहतेच. सेप्टुअजिंट तयार झालं इजिप्तच्या यहुद्यांत. भाषांतरकाराने रोज डोळ्यांसमोर दिसणारं काम आमोसच्या हाती दिलं नसेल कशावरून? शिवाय इस्राएलमध्ये चीर न देताही पिकणारी जात आहे, असा काही अभ्यासकांचा आक्षेप आहे. उलट बाजूने मिश्ना या यहुदी नियमग्रंथाच्या शेवीत प्रकरणात कच्च्या अंजिरांना तेल लावून भोकं पाडण्याचा उल्लेख येतो. अंजीर वेगळं, पण हिकमत त्या मातीतही ठाऊक होती. मला हे पुरेसं वाटतं. शपथेवर सांगा म्हणाल तर मात्र नाही.

नकाशा पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमोसचं गाव तकोवा डोंगरमाथ्यावर, नि शिक्म्याला थंडी सोसत नाही. 1 राजे 10:27 मध्ये ही झाडं सखल प्रदेशात विपुल असल्याचं म्हटलंय. म्हणजे हंगामात आमोसला डोंगर उतरून जावं लागत असणार. झाडावर चढायचं, फळ न् फळ हाताळायचं, आणि वेळ टळली की किडे. ‘तिथेच भाकर खा’ म्हणणाऱ्या याजकाला हा माणूस सांगतोय की माझी भाकर संदेशावर चालत नाही, माझ्या हाताला काम आहे. ‘झाडांची निगा राखणारा’ म्हटलं तर हा ठसका जातो.

टिपणात मी ‘शिक्म्याच्या फळांना चिरा देणारा’ असं लिहिलं आणि समासात ‘ग्रीकप्रमाणे’ अशी नोंद केली. गटात यावर बराच खल झाला. एका काकांना मोघम ‘निगा’च बरी वाटली, कारण देवाच्या वचनात अंदाज नको. मी म्हटलं, काका, ‘निगा’ हाही अंदाजच आहे, फक्त गुळगुळीत.

याच वचनातला ‘गुरं राखणारा’, हिब्रूत ‘बोकेर’, हाही एकदाच येणारा निघाला. ग्रीकमध्ये तिथे शेळ्या राखणारा आहे, आणि पहिल्या अध्यायात आमोससाठी ‘नोकेद’ (मेंढरं पाळणारा) हा वेगळाच शब्द आलाय. हिब्रू लिपीत ब आणि न, र आणि द एकमेकांसारखेच दिसतात, त्यामुळे लिहिताना अदलाबदल झाली असं काहीजण मानतात. सध्या मी त्याच्या मागे आहे.