कोकण किनारा, पाच दिवस: हात बधिर का होत होते आणि आम्ही काय केलं

दाभोळच्या जेटीवर तिकीट काढायला खिशात हात घातला, तर नाणी बोटांना लागेचनात. नोटा निघाल्या, पण दहाचं नाणं करंगळीच्या बाजूने घरंगळून खाली पडलं आणि मला पत्ताच नाही. मागे उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "दादा, पैसे पडले तुमचे," तेव्हा कळलं. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही लाकडासारखी झाली होती. मोटरसायकल राइडचा दुसराच दिवस होता आणि मालवण अजून बरंच लांब होतं.

किनाऱ्याच्या रस्त्याबद्दल, फेरीबोटींबद्दल, मासळीच्या थाळीबद्दल भरपूर वाचायला मिळतं. हातांबद्दल मला निघण्यापूर्वी कोणी काही सांगितलं नव्हतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आम्ही दोघं, मी आणि माझा मावसभाऊ. दोघांच्याही गाड्या ३५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या. डिसेंबरात निघालो. पहिल्या दिवशी पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव आणि पुढे दिवेआगर, साधारण १६० किलोमीटर. रात्री हाताला थोड्या मुंग्या होत्या, झोपेत गेल्या, म्हणून दुर्लक्ष केलं. तिथेच चुकलो.

दुसरा दिवस दिवेआगर ते गुहागर. आरावी, शेखाडीचा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून बोटीने वेश्वी, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली आणि दाभोळ. नकाशावर दीडशेच्या आसपास किलोमीटर दिसतात, पण अख्खा दिवस जातो. कारण या किनाऱ्यावर रस्ता सरळ जातच नाही. सड्यावरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या पठारावरून, खाडीत उतरायचं, पूल किंवा बोट, की परत सड्यावर चढायचं. उतारावर अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो. चढावर आणि गावातल्या बोळांत डाव्या हाताने सारखा क्लच. समोरून एसटी आली की थांबा, बाजूला घ्या, परत पहिला गिअर. हायवेवरच्या तीनशे किलोमीटरपेक्षा या दीडशेत हातांना जास्त काम पडतं, आणि सगळ्यात जास्त त्रास केळशी ते आंजर्ले या अरुंद, चढउताराच्या तुकड्यात झाला.

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या बोटीवर हात झटकत उभा होतो. भाऊही तेच करत होता. त्याला विचारलं, कुठे मुंग्या येतायत? त्याने अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट दाखवलं. माझी करंगळी आणि अनामिका. रस्ता तोच, गाडी जवळपास तशीच, वेळ तीच, आणि बोटं मात्र बरोबर उलटी. हे काहीतरी वेगळं आहे असं तिथे पहिल्यांदा वाटलं.

रात्री गुहागरला मुक्कामावर पोचल्यावर आतेबहिणीला फोन लावला. ती फिजिओथेरपिस्ट आहे. मी म्हणालो, "अगं, हात बधिर झालाय." ती म्हणाली, "दादा, हात म्हणजे कुठली बोटं?" सांगितली. "आता एक कर. झाडूची काडी वगैरे काही आहे का तिथे? अनामिकेच्या दोन्ही बाजूंवरून हलकी फिरव." अंगणात खराटा होता. त्यातला एक हीर काढला आणि अनामिकेवरून फिरवला. करंगळीकडच्या बाजूला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. त्याच बोटाच्या दुसऱ्या, मधल्या बोटाकडच्या बाजूला गुदगुल्या होत होत्या. एकाच बोटाचे दोन भाग, मधून रेघ मारल्यासारखे. भावाच्या हातावर तोच हीर फिरवला तर नेमकं उलटं.

मग तिने जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. पंजाच्या आतल्या बाजूला स्पर्शाची जाणीव मुख्यत्वे दोन नसा सांभाळतात. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग अल्नर नसेकडे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग मीडियन नसेकडे. अल्नर नस कोपराच्या आतल्या हाडामागून जाते (तिथे ठेच लागली की झिणझिणी येते ती हीच) आणि मनगटाशी, तळहाताच्या करंगळीकडच्या गादीखालून, गियाँचा बोगदा म्हणतात त्या अरुंद जागेतून पंजात शिरते. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स गियाँ यांनी १८६१ मध्ये त्या जागेचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. तळहाताची टाच हँडलवर रेटून धरली की हीच नस दबते. सायकलवाल्यांना हा त्रास भरपूर होतो.

मीडियन नस मनगटाच्या बरोबर मधून, कार्पल टनेलमधून जाते. त्या बोगद्यात बोटं वळवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायू हाडांना जोडणारे दोर, आणि ही एक नस, एवढी गर्दी असते. मनगट वर किंवा खाली वाकवून ठेवलं की आतला दाब वाढतो आणि नस चेपते.

म्हणजे माझा दोष भार टाकण्याचा होता आणि भावाचा मनगट वाकवण्याचा. दोघांनी दुकानातून एकच उपाय आणला असता तर किमान एकाचे पैसे वाया गेले असते. खरं तर माझे गेलेच होते. निघण्यापूर्वी मी ग्रिपवर जाड जेलची कव्हरं चढवली होती. माझा पंजा लहान आहे. जाड ग्रिप धरायला बोटांना जास्त आवळावं लागतं, आणि जितकं आवळाल तितकी इंजिनाची थरथर हातात जास्त चढते. गुहागरलाच ती कव्हरं काढली. मोठा पंजा असलेल्याला ती कदाचित मानवतील. घेण्यापूर्वी मूठ वळून बघा: ग्रिप धरल्यावर बोटांची टोकं तळहाताजवळ सहज पोचली पाहिजेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुहागरात एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या काकांनी गाडी मेन स्टँडवर घेतली, भावाला वर बसवलं आणि म्हणाले, "डोळे मिटा, हात हँडलवर ठेवा, बोटं सरळ करा." त्याची बोटं लिव्हरच्या चांगली दोन बोटं खाली गेली. म्हणजे दर वेळी क्लच धरायला त्याला मनगट मागे मोडून बोटं वर उचलावी लागत होती, दिवसातून शेकडो वेळा. काकांनी लिव्हरच्या क्लँपचे बोल्ट ढिले केले, लिव्हर थोडा खाली फिरवला आणि परत डोळे मिटायला लावले. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ येईपर्यंत हेच चाललं. पाच मिनिटांचं काम. पूर्ण राइडमध्ये सगळ्यात जास्त फरक याने पडला.

हे घरी करणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. आरसा बऱ्याच गाड्यांना त्याच क्लँपवर असतो, तो परत लावून घ्या. पुढच्या डिस्क ब्रेकच्या ऑइलची डबी फार तिरकी होऊ देऊ नका. आणि शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल किंवा होज कुठे ताणली जात नाही ना ते बघा. बोल्ट आवळताना जीव खाऊन आवळू नका, गाडी पडलीच तर लिव्हर तुटण्याऐवजी फिरला पाहिजे.

काकांनी क्लच केबलही सोडवून ऑइल केली. खाऱ्या हवेत केबल लवकर जड होते, आणि जड क्लच म्हणजे डाव्या हाताची वाट. लिव्हरला दोनतीन मिलीमीटर प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, ठेवला. माझ्या गाडीच्या इंजिन माउंटिंगचा एक बोल्ट ढिला निघाला. साखळी फार ताणलेली होती, ती बेताची केली. पुढच्या चाकात हवा जास्त होती, ती कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणली. जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर दगडासारखं कडक टायर घेऊन गेलात तर प्रत्येक खडा मनगटात उतरतो. निघण्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये हे सगळं बघायला सांगितलं होतं आणि झालं म्हणून कळवलं होतं. माझा सल्ला, समोर उभं राहून करून घ्या.

माझ्यासाठी यंत्रापेक्षा बसण्यात बदल जास्त होता. बहिणीने सांगितलं होतं, टाकी गुडघ्यांनी धर. साधी गोष्ट, पण मी कधी करत नव्हतो. उतारावर मांड्यांनी टाकी दाबून धरली की अंग पुढे घसरत नाही आणि हातांना टेकण राहावं लागत नाही. कोपरं किंचित वाकलेली आणि बाहेर, खांदे खाली. मी दर मैलाच्या दगडाला एक खूण ठेवली: दगड दिसला की करंगळी आणि अनामिका ग्रिपवरून उचलून दोनदा हलवायची. उचलता आली नाहीत तर समजायचं की परत भार टाकतोय.

उजव्या हाताचं आणखी एक. थ्रॉटल बंद असताना मूठ जशी येते तशीच धरली, तर थ्रॉटल उघडल्यावर मनगट खाली लोंबतं आणि तासन्‌तास तसंच वाकलेलं राहतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच थोडी पुढून पकड घ्या, म्हणजे नेहमीच्या वेगाला मनगट सरळ येतं. आणि मूठ आडवी न धरता जरा तिरकी, स्क्रू ड्रायव्हर धरतो तशी. भावाला याचा फार फायदा झाला.

पाठीवरची सॅक मात्र दोघांचाही दोष होती. तिचे पट्टे काखेपाशी काचतात, आणि हाताच्या सगळ्या नसा मानेतून निघून तिथूनच खाली येतात. तिसऱ्या दिवशी सॅक मागच्या सीटवर बंजीने बांधली. ग्लोव्हजचंही तसंच. माझ्या ग्लोव्हजची शिवण नेमकी तळहाताच्या गादीवर येत होती आणि घामाने भिजून ते आवळत होते. दुपारच्या दमट हवेसाठी जाळीचे, शिवण बाहेरच्या बाजूला असलेले, मूठ वळल्यावर बोटांच्या मध्ये न काचणारे बघा. ग्लोव्हज न घालता चालवणं हा उपाय नाही.

गुहागरहून तवसाळ, बोटीने जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी आणि पावस. या दिवशी दर पाऊण तासाने थांबलो, मग जागा कितीही साधी असो. हात बधिर झाल्यावर थांबण्यात अर्थ नाही, त्याआधी थांबायचं. पाच मिनिटं पुरतात: मुठी उघडझाप, मनगट दोन्ही दिशांना हळू ताणणं, हात खाली सोडून झटकणं, मान दोन्ही बाजूंना. फेरीबोट म्हणजे या रस्त्याने दिलेली सक्तीची विश्रांती आहे, तिचा उपयोग करा. गाडी गिअरमध्ये टाकून साइड स्टँडवर लावा, डेक ओला असेल तर पाय जपून, आणि शेजारी उभं राहून व्यायाम उरकून घ्या. शेवटच्या बोटीची वेळ मात्र सकाळीच मुक्कामाच्या गावात विचारून ठेवा. बोट चुकेल या धास्तीने चालवलं की मूठ आपोआप आवळली जाते. पाणी आणि कोकम सरबत पीत राहा, घाम गेला की पेटके लवकर येतात.

पावसला पोचल्यावर परत हीर फिरवला. करंगळीला जाणवलं. पुरतं नाही, पण जाणवलं.

चौथा दिवस पूर्णगड, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. सांगण्यासारखा त्रासच झाला नाही. कुणकेश्वरला देवळामागच्या वाळूत बसून भावाने पंजा पुढे केला आणि चारही बोटं एकेक करून अंगठ्याला लावून दाखवली.

पाचव्या दिवशी कणकवली, फोंडा घाट, राधानगरी, कोल्हापूर आणि तिथून हायवेने पुणे. हायवेचा त्रास वेगळा: एकाच वेगावर तासभर, एकच बारीक थरथर. एका सिलिंडरच्या गाडीत ठरावीक आरपीएमला ती जास्त जाणवते. मी वेग पाचसात किलोमीटरने कमी केला आणि आरशातलं चित्र स्थिर झालं. आरसा हा चांगला मापक आहे, मागची गाडी धूसर दिसायला लागली की हातांनाही तेवढंच बसतंय असं समजा. नंतर मी हँडलच्या टोकांना जास्त वजनाचे बार-एंड लावले, त्याने थरथर बरीच उतरली.

ही थरथर हलक्यात घेऊ नका. अमेरिकेतल्या इंडियानात, बेडफर्डच्या दगडखाणींत हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्या कामगारांची बोटं थंडीत पांढरी पडतात, हे अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये नोंदवलं होतं. आपली राइड म्हणजे खाणीतलं रोजचं काम नव्हे, पण गारठ्यात बोटं पांढरी पडत असतील तर ती खूण ओळखा.

माझ्या करंगळीच्या टोकाला घरी आल्यावर तीन दिवस हलक्या मुंग्या होत्या, मग गेल्या. तुमच्या आठवड्याने गेल्या नाहीत, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून वस्तू पडत असतील किंवा अंगठ्याजवळचा मांसल भाग खोलगट दिसत असेल, तर डॉक्टरांकडे जा. नसांची तपासणी करून दाब नेमका कुठे आहे ते कळतं. मधुमेह, थायरॉइड आणि बी-१२ ची कमतरता यांनीही हातपाय बधिर होतात, त्या रक्तचाचण्या करून घ्या. भावाचं बी-१२ कमी निघालं, तो शाकाहारी आहे, आता गोळ्या चालू आहेत. आणि एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हाताबरोबर छातीत दुखलं, तर गाडी तिथेच लावा, १०८ ला फोन करा.