झोळीची दोरी

तालमीच्या जागी तान्हं मूल आणायचं नाही, हा माझा बारा वर्षांचा नियम. धुळ्यात शाळकरी पोरांची नाटकं बसवताना तो मोडायची वेळ कधी आली नाही. मोडला तो शहादा तालुक्यात, तापीकाठच्या एका ऊसतोड टोळीच्या तळावर, पहिल्याच दिवशी.

टोळी चाळीसगावकडची होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेले असे कोयते दिवाळी झाली की पोराबाळांसकट निघतात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर घरी परततात. आमच्या खान्देशात नाचगाण्याला तोटा नाही. डफावर गायची वही आहे, सोंगाड्या पार्टी आहे, श्रावणात कानबाईची रात्र जागते, जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. पण हे सगळं गावात राहणाऱ्याचं. उसाच्या फडावरच्या पोरांच्या वाट्याला त्यातलं काय येतं? स्थलांतर करणाऱ्या पोरांसाठीचं शिक्षण हमी कार्ड असलं तर जवळच्या शाळेत नाव लागतं, तरी धाकट्याला सांभाळायला थोरली कोपीतच, म्हणजे तळावरच्या झोपडीतच राहते. म्हणून आम्ही तिघांनी ठरवलं, आठ दिवस रोज ११ ते १ तळावरच जायचं, नाच-नाटक शिकवायचं आणि शेवटच्या संध्याकाळी आईबापांसमोर प्रयोग करायचा.

पोरं चौदा जमली. त्यातली एक दहा-अकरा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळत लांबच बसलेली. मी हाक मारली, "ये गं, त्याला दे कुणाकडे तरी."

"कोणजोडे ठेवू याले?" तिने विचारलं.

मी आजूबाजूला पाहिलं. आया फडात, बाप फडात. एक म्हातारी होती, ती तापाने पडलेली. त्या पोरीला खरंच कुणीही नव्हतं. आणि मी मात्र तिला सवयीने सांगून मोकळी झाले होते. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

तिची सोय तिने आधीच करून ठेवली होती. तीन बांबू वर एकत्र बांधून त्यांना जुन्या साडीची झोळी टांगलेली. साडीच्याच काठाची वेणी घालून दोरी केलेली. तिचं एक टोक झोळीला, दुसरं हिच्या डाव्या घोट्याला. पाय हलवला की झोळी हलते. हात मोकळे राहतात, मग भाकरी थापता येते, भांडी घासता येतात. घोट्याभोवती दोरीचा फिकट वळ होता, पैंजणाच्या जागी.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालीमच उचलून तिच्या कोपीसमोर नेली.

नाटक पोरांनीच रचलं. 'रुसलेली मोळी'. उसाची मोळी हटून बसते, ट्रॉलीत चढायला तयार नाही. मुकादम दम देतो, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, कुणी वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा हार घालतो, तरी ती ढिम्म. मोळी झालेला पोरगा अंगाला पाचट गुंडाळून असा काही गाल फुगवायचा की बाकीचे हसून लोळायचे. पोरं मुकादमाची चाल, त्याचं फोनवर बोलणं इतकं अचूक करत होती की आम्ही शिकवण्यासारखं फार नव्हतं. आवाज लांबपर्यंत कसा न्यायचा, पाठ प्रेक्षकांकडे कशी करायची नाही, एवढंच.

तिला आम्ही आजी केलं. आजी झोळी हलवत बसते आणि मोळीची समजूत काढते. गाणं तिचंच, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या झोक्याच्या चालीवर. शब्द मात्र मोळीचे. भाऊ रडला की ती वाक्य अर्धं सोडून पाय जोरात हलवायची आणि तो निजला की तिथूनच वाक्य उचलायची. असं ठिकाणावर येणं मी भल्याभल्या नटांत पाहिलेलं नाही. फक्त शेवटच्या नाचात ती नव्हती. चौदातले तेरा नाचायचे, ती बसून टाळी धरायची. यावर मला उपाय सुचला नाही. आम्ही तिघांनी आळीपाळीने झोळी हलवून पाहिली. अनोळखी हात लागला की बाळ टाहो फोडायचं.

प्रयोगाच्या दिवशी जानेवारीची थंडी मी म्हणत होती. सातला लोक फडातून आले. पहाटे चारला उठून कामाला लागलेली माणसं; बसल्या जागी डोळे मिटत होते. म्हणून आम्ही नाटक वीस मिनिटांवर आणलं होतं. ट्रॅक्टरवाल्या दादांनी ट्रॉली कारखान्यावर न्यायच्या आधी तेवढा वेळ समोर दिवे लावून दिले. मुकादमाच्या सोंगाला एवढं हसू फुटलं की खरा मुकादमही हसायला लागला. नाटक झालं, नाच झाला, ट्रॅक्टर गेला. तिची आई मात्र आलीच नव्हती. दुसऱ्या ट्रॉलीचं भरणं लांबलं होतं.

पोरगी जागची उठली नाही. वाटेकडे बघत, अंधारात पाय हलवत बसून राहिली.

पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा ट्रॅक्टर वळणावर आला. "माय उनी!" ती ओरडली. डोक्यावर वाढ्यांचा भारा घेतलेली आई उतरली. पोरं तिच्याभोवती गलका करू लागली. मी पुढे होऊन म्हटलं, "वहिनी, पाचच मिनिटं बसा. फक्त हिचा प्रवेश दाखवतो." ड्रायव्हरला काही सांगावं लागलं नाही, त्याने इंजिन चालूच ठेवलं.

आईने भारा टाकला. सगळा प्रवेश उभ्यानेच पाहिला, कमरेवर हात ठेवून. गाणं संपलं, पोरं नाचाच्या जागा घ्यायला लागली, तशी ती सरळ पुढे आली आणि मुलीच्या पायाशी बसली. उसाच्या पात्यांनी चिरलेली, चिकानं काळी पडलेली बोटं. त्या बोटांनी गाठ चटकन सुटेना. शेवटी दाताने सोडवली. दोरी स्वतःच्या हाताला गुंडाळली.

"जाय, नाच. मी शे आठे."

पोरगी क्षणभर तशीच उभी. मग दिव्यांच्या उजेडात धावली. तिला नाचाच्या पावल्या कुठे येत होत्या? आठ दिवस नुसती टाळी धरलेली. डावीकडे वळायचं तिथे ती उजवीकडे वळली, गिरकीच्या जागी लग्नातल्या बँडवर नाचतात तशी नाचू लागली. मी खुणेने थांबवणार होते. तेवढ्यात मोळीवाल्या पोराने तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःची पावलं सोडून तिची धरली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी.

मागे झोळी संथ हलत होती.