धर्माच्या रकान्यातली आडवी रेघ

आईला रुग्णालयात दाखल करतानाच्या अर्जात 'धर्म' असा रकाना होता. कर्मकांडावरचा आईचा विश्वास केव्हाच उडालेला असल्यामुळे तिने माझ्या हातातले पेन घेऊन तिथे स्वतःच आडवी रेघ मारली. पुढे तपासण्या, केमोथेरपी थांबवण्याचा निर्णय, पॅलिएटिव्ह विभागात (जिथे आजार बरा करण्यापेक्षा वेदना आणि त्रास कमी करण्यावर भर असतो) हलवणे, हे सगळे फारसे न अडता झाले. अडले ते त्या रेघेपाशी, आणि त्याचा राग अजूनही गेलेला नाही.

सिस्टर दर चार तासांनी वेदनेचा आकडा विचारत आणि आई दहापैकी ८ सांगत असे. मॉर्फिनचा डोस दोनदा वाढवला. तिची झोप वाढली, पण जाग आली की आकडा पुन्हा ८. उजव्या हाताने ती चादरीच्या काठाला चुण्या घालत आणि उलगडत राही. एका रात्री म्हणाली, "दुखतंय ते सगळं पाठीतच आहे असं नाही रे." हे वाक्य मी डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले, तेव्हा त्यांनी आध्यात्मिक समुपदेशकाला बोलावून घेण्यास सुचवले. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी 'संपूर्ण वेदना' ही कल्पना मांडली आणि तिच्यात शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशा चारही बाजू धरल्या, हेही त्यांनीच सांगितले.

नोंदणीच्या खिडकीवरील गृहस्थांनी संगणकात पाहून विचारले, "धर्म नोंदवलेला नाही, मग कोणाला पाठवू?" ज्याला शांतपणे ऐकून घेता येते अशा कोणालाही, असे मी म्हणालो. तसा पर्याय यादीत नव्हता. रकाना दुरुस्त करायचा तर रुग्णाची सही हवी, ती अधिकाऱ्यासमोर व्हायला हवी, आणि अधिकारी दुपारनंतर नसत, तर आई सकाळभर गुंगीत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येत पॅलिएटिव्ह उपचारांमध्ये आध्यात्मिक प्रश्नांचाही समावेश आहे. ती छापून मी खिडकीत ठेवली. गृहस्थांनी ती पूर्ण वाचली, "बरोबर आहे," म्हणाले आणि कागद परत केला. मग डॉक्टरांची चिठ्ठी आणली, तर ती मानसोपचार विभागाकडे गेली. तिथून आलेल्या तरुण डॉक्टरांनी नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली, आईला नैराश्य नाही असा (माझ्या मते अगदी योग्य) निष्कर्ष काढला आणि 'गरज नाही' असा शेरा मारला. त्या शेऱ्याने आमची विनंतीच निकाली निघाली. तो सहावा दिवस होता. याच काळात एका नातेवाइकाने प्रार्थनेने गाठ विरघळेल असे सुचवले. बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परक्या माणसांनी केलेल्या प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाली नव्हती, हे मला ठाऊक होते. शिवाय आम्ही गाठ विरघळवण्याबद्दल बोलतच नव्हतो.

नवव्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरनी सहज सांगितले की पॅलिएटिव्ह विभागातील परिचारिकेला समुपदेशकांना थेट बोलावता येते. खिडकीकडे जाण्यापूर्वी वॉर्डातल्या सिस्टरना विचारावे, एवढे मला पहिल्या दिवशी सुचले नाही.

दुसऱ्याच दिवशी समुपदेशक बाई आल्या. डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये तयार केलेल्या प्रश्नांच्या धर्तीवर त्यांनी विचारले: तुम्हाला कशाने बळ मिळते, त्याला तुमच्या आयुष्यात किती महत्त्व आहे, सोबतीला कोण आहे, आणि उपचारांत आम्ही याची दखल कशी घ्यावी? देव हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. आईच्या मनात धाकटा भाऊ होता. अकरा वर्षे त्यांचे बोलणे बंद होते. संध्याकाळी तिने मला फोन लावायला सांगितला. त्या रात्री सिस्टरना तिने ६ आकडा सांगितला. मॉर्फिन चालूच राहिले, आणि ते चालू राहायलाच हवे होते. समुपदेशक येणार म्हणून कोणी औषध कमी करू पाहील तर करू देऊ नये.

बाराव्या दिवशी खिडकीवरून फोन आला की दुरुस्तीचा अर्ज मंजूर झाला आहे, तर आता रकान्यात कोणता धर्म लिहायचा?

एक सांगायचे राहिले. समुपदेशक बोलत असताना घरच्यांनी खोलीबाहेर थांबावे. मी पहिली दहा मिनिटे आतच बसलो होतो आणि तोवर आई फक्त पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत होती.