बासची नोंदवही : नवरात्रीआधी डावा हात

या महिन्यात बास गिटारवर हिंचचा, म्हणजे गरब्यातल्या एका ठेक्याचा, लांबलचक सराव एका दमात झाला आणि डाव्या कोपराखाली हात भरून आला नाही! बडोद्यात गरब्याला बास वाजवणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. एक गाणं दुसऱ्यात मिसळतं, लय चढत जाते, हात झटकायला उसंतच मिळत नाही.

मला आता पक्कं पटलंय की हे दुखणं ताकद कमी पडल्याचं नाही, नको तिथे लावलेल्या जोराचं आहे. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. त्यांच्या कंडरा मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. मनगट दुमडलं की त्या बोगद्यात दाब वाढतो, पकडही सैल पडते, आणि ती भरून काढायला स्नायू अजून जोर लावतात. म्हणून स्प्रिंगची हँडग्रिप दाबत बसण्यात मला अर्थ वाटत नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला तो एका अगदी साध्या व्यायामाने. एक सूर धरायचा, बोट हळूहळू सैल करायचं, तार खरखरायला लागली की थांबायचं. मग खरखर जाईल इतकाच दाब परत द्यायचा. तो दाब इतका कमी निघतो की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. बोट फ्रेटच्या पट्टीला (बासच्या दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) खेटून ठेवलं तर आणखी कमी. मग तोच सूर अंगठा बासच्या मानेवरून, म्हणजे दांड्यावरून, उचलून वाजवायचा. अंगठ्याने चिमटा काढायची गरज किती थोडी असते, ते तेव्हा कळतं.

दुसरी गोष्ट बोटांच्या ताणाची. ३४ इंची स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) बासवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर सुमारे १३ सेंटिमीटर भरतं. सातव्या ते दहाव्याचं जेमतेम ९. दोन्हीकडे ‘एका फ्रेटला एक बोट’ हा हट्ट कशाला? खालच्या, रुंद फ्रेटवर मी कॉन्ट्राबासवाल्यांची (उभा मोठा बास वाजवणाऱ्यांची) सिमांडल पद्धत वापरते : तर्जनी, मधलं बोट, आणि अनामिकेच्या आधाराने करंगळी. तीन फ्रेट, आणि गरज पडली की अख्खा हात सरकवायचा. पाचव्या फ्रेटच्या वर चारही बोटं मोकळी सोडते.

पावसाळ्यात माझ्या बासची मान हलली आणि बाराव्या फ्रेटवर जाड तार ३ मिलिमीटरच्या वर गेली. सेटअप करणाऱ्या काकांनी ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) फिरवून आणि ब्रिजवर (तारा टेकतात त्या भागावर) उतरवून ती २ च्या जवळ आणून दिली. “ताई, आधी वाद्य बघत जा, मग हात,” असं ते म्हणाले. दर पावसाळ्यात हे करणार.

पट्टा रुंद आणि आतून खरखरीत घेतलाय, त्यामुळे बासचं डोकं खाली झुकत नाही आणि डाव्या हाताला मान तोलून धरावी लागत नाही. बसल्यावर बास ज्या उंचीवर येतो, उभं राहूनही तिथेच राहील एवढा पट्टा आखूड ठेवलाय. खाली लोंबणारा बास दिसायला झकास असतो, पण मनगटाचा काटकोन होतो.

उजव्या हाताचं काम अजून अर्धवट आहे. अ‍ॅम्पचा आवाज वाढवून तार हलकी छेडायची हे जमतंय, पण ढोल तापला की बोटं आपोआप जोर करतात. बॉडीची कडही हाताला रुततेय, म्हणून हात थोडा पुढे घेऊन कोपर मोकळं ठेवून पाहतेय.

एका बाबतीत मी कडक आहे : थकवा वेगळा, मुंग्या वेगळ्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर झालं, किंवा करंगळीत मुंग्या आल्या, तर वाजवणं तिथल्या तिथे बंद. रात्रीही तसंच राहिलं तर डॉक्टर. हात गरम होईपर्यंत वेगही नाही. आधी संथ हिंच, तीही वरच्या फ्रेटवर.

पुढचे काही दिवस हाच सराव उभं राहून, पूर्ण लयीत. पाच तारांचा बास घेऊन गरबा वाजवणाऱ्यांनी सांगा : रुंद मानेवर अंगठा कुठे ठेवता?