आजीचं पाकीट आणि आयएनएस राजपूत

नौदलात असलेल्या मामांची लोखंडी ट्रंक गेल्या महिन्यात उघडली. तळाशी आजीने मामांना पाठवलेली तीन पाकिटं निघाली. त्यांतल्या दोन पाकिटांचे उजवे कोपरे कापलेले आहेत. ते मीच कापले होते. सातवीत तिकिटं जमवायचं वेड लागलं होतं, तेव्हा मामा सुट्टीवर आले की त्यांची पत्रं माझ्या हाती लागायची. कोपरा कापायचा, पाण्यात भिजवायचा, तिकीट वहीत लावायचं. पाकीट जपायचं असतं हे सांगणारं कोणी नव्हतं.

तिसरं मात्र अख्खं आहे. आजीला लिहिता येत नसे, पत्ता अपशिंग्याच्या शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात आहे: मामांचं नाव, आयएनएस राजपूत, मार्फत फ्लीट मेल ऑफिस (म्हणजे नौदलाचं टपाल कार्यालय), मुंबई. शिक्क्यातलं गावाचं नाव पुसट, तारीख स्वच्छ. 29 नोव्हेंबर 1971. नेहमीच्या तिकिटाशेजारी 5 पैशांचं छोटं लाल कुटुंब नियोजनाचं तिकीट, त्यावर काळ्या शाईत छापलंय 'शरणार्थी सहायता'. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी 15 नोव्हेंबरपासून टपालावर हा जादा आकार लागला. स्वतंत्र तिकीट 1 डिसेंबरला आलं, तोवर जुन्याच तिकिटांवर ही अक्षरं छापून काम भागवलं, काही ठिकाणी तर रबरी शिक्क्याने.

आजी समजत होती, लेक मुंबईत आहे. पत्त्यात मुंबईच होती ना! जहाज होतं विशाखापट्टणमला. पूर्व किनाऱ्यावरच्या नौदलाचे प्रमुख ॲडमिरल कृष्णन यांनी राजपूतला 'विक्रांत'चं सोंग दिलं होतं. समुद्रात जाऊन वायरलेसवर एवढा गलबला करायचा की शत्रूला वाटावं, विमानवाहू जहाज इथेच आहे. विक्रांत तेव्हा अंदमानकडे लपवून ठेवलेली. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री राजपूत बंदरातून बाहेर पडली, डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीसाठीचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' त्याच रात्री बुडाली, एकही माणूस वाचला नाही. पाकिस्तान म्हणतं, ती स्वतःच्याच सुरुंगाने गेली. आपलं नौदल राजपूतचं नाव घेतं. मामांना विचारलं की ते एवढंच म्हणायचे, "बाहेर पडताना सगळे गप्प होते."

या जहाजाचं पहिलं नावही ट्रंकेमुळेच शोधलं. ही विनाशिका (डिस्ट्रॉयर) 1942 मध्ये स्कॉटलंडच्या क्लाइडबँकला बांधली, तेव्हा ती होती 'एचएमएस रॉदरहॅम'. ट्रॅफल्गारच्या समुद्री लढाईत, 1805 साली, ब्रिटिश ॲडमिरल कॉलिंगवूडच्या 'रॉयल सॉव्हरिन'चा कप्तान एडवर्ड रॉदरम होता, त्याचं हे नाव. याच नावाचं इंग्लंडात शहर आहे, त्यामुळे लोक सहज फसतात. 1949 मध्ये आणखी दोन भावंडांसह ती आपल्याकडे आली: राजपूत, रणजित, राणा. 1976 साली भंगारात गेली. पुढे 1980 मध्ये सोव्हिएत बनावटीची दुसरी राजपूत आली, तीही 2021 च्या मे महिन्यात निवृत्त झाली.

महायुद्धातल्या ब्रिटिश जहाजांची पाकिटं मी साताऱ्यातल्या एका संग्राहकाकडे पाहिली. शिक्क्यात जहाजाचं नाव नाही, फक्त 'मेरिटाइम मेल'. नाव लपवायचंच होतं. तिकडच्या आयांनाही आपला मुलगा कुठल्या समुद्रात आहे ते कळत नसणार.

जहाजाचं चित्र छापलेली स्पेशल कव्हरं, म्हणजे खास प्रसंगी काढलेली पाकिटं, सुंदर असतात, माझ्याकडेही आहेत. पण ती कुठे गेलेली नसतात. आजीचं पाकीट अपशिंग्याहून निघालं, मुंबईला गेलं, तिथून विशाखापट्टणमला. मामांच्या हातात पडलं तेव्हा गाझी बुडून पाच दिवस झाले होते.

काल रात्री जुनी वही काढली. कापलेल्या पाकिटांपैकी एकावर शिक्क्याच्या वर्तुळाचा नखाएवढा तुकडा उरलाय. वहीतलं एकेक तिकीट त्याच्या कडेला लावून पाहिलं. अकरावं जुळलं. रेघ सलग झाली. महिना डिसेंबर, साल 71 वाचता येतं. दिवसाचा आकडा होता तिथे कात्री गेली आहे.