मला कुणी रागावत नाही

आज जपानी चहाविधीच्या क्लासला पुन्हा तेच. शेजारच्या मुलीकडून सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, फुकुसाची घडी पुन्हापुन्हा करून घेतली. रेशमी रुमाल, तो किती ताणायचा, अंगठा कुठे आत घ्यायचा, सगळं बोलून बोलून. माझी घडी काही तिच्याहून बरी नव्हती. माझ्याकडे बघून त्या नुसत्या हसल्या, "छान" म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मामीला सांगितलं तर म्हणाली, कौतुक झालं तर तोंड पाडायला काय झालं?

कौतुक नाही ते. पाहुण्यांच्या चुका काढत नाहीत, एवढंच.

ततामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या चटईच्या, काठावर पाय द्यायचा नाही. चहाचा वाडगा डाव्या तळव्यावर घेऊन दोनदा फिरवायचा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू आपल्या ओठांखाली येत नाही. पिण्याआधी शेजारणीला "ओसाकी नि", म्हणजे तुमच्याआधी घेते, असं म्हणायचं. मला येतं सगळं. पण मामेबहिणींना हे ओबाचानची, आईच्या आईची, बोलणी खाऊन आलंय आणि मी तेव्हा पुण्यात होते. सिंहगड रोडच्या बागेत बाबा आम्हाला न्यायचे तेव्हा आई पाण्याजवळ थांबून सांगायची, आमच्या जपानातल्या ओकायामाची बाग, कोराकुएन, अशीच आहे. ते 1700 साली पुरं झालेलं, पुण्यातली बाग त्याच्या नमुन्यावर केलेली. आता क्लासला जाताना रोज खरं कोराकुएन दिसतं आणि वाटतं, मीही नमुन्यावरूनच केलेली. ओबाचान असती तर... जाऊ दे.

का कुणास ठाऊक, मघापासून आजी आठवतेय, पुण्याची. तिने आईला पहिल्यांदा झापलं ते ताटात चटणी उजवीकडे वाढली म्हणून. आई ही गोष्ट किती आनंदाने सांगायची! त्याआधी आजी सगळ्यांना दटावायची, "तिला काही बोलू नका, तिला सवय नाही." ते किती दिवस चाललं, आईने कसं काढलं, मी कधी विचारलंच नाही. परक्या घरात सगळे गोड बोलतात तेव्हा किती एकटं वाटतं, हे तिला माझ्या कितीतरी आधी कळलेलं होतं.

नोव्हेंबरात फुरो, म्हणजे पाणी तापवायची सुटी शेगडी, उचलून ठेवतील आणि जमिनीतली चूल, रो, उघडेल. मग बसायची दिशा, पळी ठेवायची जागा, सगळंच बदलतं. जुन्या विद्यार्थिनीही सुरुवातीला अडखळतात. त्याआधी सेन्सेईंना सांगायचंय की मलाही बोला, त्या शेजारच्या मुलीला बोलता तसं. मामीचं म्हणणं, असं तोंडावर सांगायचं नसतं, मी बघते काय ते. बघू दे तिला. ती सांगेल ते माझ्यापेक्षा नीटच सांगेल.

आणि हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय, रात्री जेवताना मी हाशी, जेवायच्या काड्या, वाडग्यावर आडव्या ठेवल्या तर मामी केवढ्यांदा ओरडली! "कुणी शिकवलं तुला हे?" मी तेव्हा घुश्श्यात होते, नुसत्या उचलून बाजूला ठेवल्या. उद्या सकाळी चहा मी करते तिच्यासाठी. घडी चुकली तर ती सोडायची नाही.