पिवळा दिवा आणि साबणाचं पाणी

काका दादरचे, गाडी २०१२ ची, पेट्रोल, बीएस-४. माझं गॅरेज परळला. गाडी आत येतानाच त्यांनी सुरुवात केली, "आता तूच बघ बाबा. हा चेक इंजिनचा पिवळा दिवा पुन्हा पुन्हा लागतो. दोन सेन्सर बदलून झाले, आता म्हणतात कॅटकॉन गेला. तीस हजारांच्या वर सांगितलेत."

स्कॅनर लावला. कोड आला पी०४२०. म्हणजे कॅटकॉन, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नीट काम करत नाही, अशी ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, तक्रार. पण ईसीयूला कन्व्हर्टर थोडाच दिसतो? कन्व्हर्टरच्या आधी एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो, ईसीयू मागच्याच्या सांगण्यावर चालतो. पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ असं सारखं नाचतं, मागच्याचं ०.६-०.७ च्या आसपास शांत बसायला हवं. यांचं मध्येच धाडकन खाली यायचं.

पीयूसी बघितलं. सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ०.३ टक्के, यांचा ०.०४. त्या कागदावर किती विश्वास ठेवायचा ते मुंबईकराला सांगायला नको, पण कॅटकॉन खरंच गेलाय का, अशी शंका आली.

"दिवा लागतो कधी?"

"कोड उडवला की महिना-महिना नाही. मुलीकडे पुण्याला गेलो की परतताना लोणावळ्याजवळ हटकून."

काकांचा संशय घाटावर. पण ही तपासणी ईसीयू गाडी पुरती तापल्यावर, एका लयीत पळताना करतो. दादर-परळच्या ट्रॅफिकमध्ये ती पुरीच होत नाही. पुण्याला जाताना एकदा चूक सापडली, येताना पुन्हा सापडली, की दिवा.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि पोऱ्याला ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दाबायला लावलं. खालून बारीक चिस्स-चिस्स. पत्रा सोडवून साबणाचं पाणी मारलं, तर मागच्या सेन्सरच्या चार बोटं आधी, वेल्डिंगच्या रेषेवर, फुगे! नखाएवढी फट, काठाला काजळी. धुराचा प्रत्येक झोत पुढे गेला की मागे किंचित ओढ बसते, तेवढ्यात बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला तिच्यातला ऑक्सिजन दिसतो, व्होल्टेज पडतं आणि खापर कॅटकॉनवर फुटतं.

गेल्या पावसात गाडी हिंदमाताच्या पाण्यातून काढल्याचं काकांनी मग हळूच कबूल केलं. तापलेल्या पाइपावर गार पाणी पडलं की वेल्ड तडकू शकतो. पण तेच कारण, असं छातीठोक नाही सांगणार. इतक्या वर्षांत गंजानेही तडकतो.

बॅटरीची वायर सोडवली, सेन्सर काढला, जागा घासून वेल्डिंग मारलं. मग ईस्टर्न फ्रीवेवर दोन फेऱ्या, पोऱ्या शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. मागच्या सेन्सरची रेघ सरळ.

"आणि ते दोन सेन्सर?" काकांनी विचारलं. जुने चांगलेच असणार, असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

दहा दिवसांनी रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून डॅशबोर्डचा फोटो आला. चेक इंजिनचा दिवा नाही. पेट्रोलचा मात्र लागलेला.